शालूसाठी घेतलेला शब्दकोश

बुलढाण्याकडच्या उंद्रीच्या फाट्यावर एस.टी. आली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पिशवी ओढून घेतली आणि तिच्यात सांबाराची भली मोठी जुडी कोंबली. पुण्यात तिला कोथिंबीर म्हणतात हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पोचेपर्यंत ती काळी पडणार हे मात्र दोघांनाही ठाऊक होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि ह्यांची बुलढाण्याच्या कचेरीतून पुण्याला बदली झाली होती. शालू माझ्या कडेवर, नुकती बोबडं बोलायला लागलेली. तिच्या गालाला हात लावून अप्पा मला म्हणाले, "जाऊन राह्यली तं जाय बाई. पन पोट्टीले आपलं बोलनं इसरू देऊ नको. मंग मी बोलू कसा तिच्याशी?"

मी काही म्हणायच्या आत हेच म्हणाले, "त्याची काळजी नका करू मामा. मी हाय ना!"

आणि मला ते खरं वाटलं. का वाटू नये? राज्य झालं तेव्हा चावडीपुढे भाषण ह्यांनीच केलं होतं. "आता आपल्याले कोनी परकं म्हननार नाही. पुनं बी आपलंच, उंद्री बी आपलीच!" टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखले. अप्पा तर महिनाभर भाजीच्या गिऱ्हाइकांना जावयाचं भाषण ऐकवत होते.

पुण्यात दोन खोल्या, सामाईक नळ आणि सगळ्यांच्या नजरा. मी बोलले की नळावरच्या बायका आधी हसायच्या, मग बादली सरकवायच्या. ह्यांचा 'हो'च्या जागचा 'हाव' वर्षभरात गेला. उरलेलंही भराभर गेलं, जसं काही कधी नव्हतंच. मी बाजारात कोथिंबीर म्हणायला शिकले, भेद्र्यांना टोमॅटो म्हणायला शिकले. पण स्वयंपाकघरात शालूशी मी आमच्याच बोलीत बोलायची. अप्पांना ह्यांनी शब्द दिला होता ना.

शालू दुसरीत गेली आणि एक दिवस वर्गात उठून म्हणाली, "बाई, मले पानी पाहिजे." अख्खा वर्ग हसला. पोर रडत घरी आली. तिच्या बाई भल्या होत्या. त्यांनी निरोप पाठवला, घरात एखादा चांगला शब्दकोश असू द्या, मुलीला मदत होईल. मला तर हर्षच झाला. मराठीचं पुस्तक म्हणजे सगळ्या मराठीचं असणार. आपलं बोलणं त्यात छापलेलं असलं, की शालूनं ते पान उघडून वर्गाला दाखवायचं. मग हसा म्हणावं!

आता शब्दकोश निवडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला येत होतं ते बी निवडायला. अप्पा कधी व्यापाऱ्याच्या शब्दावर बी घ्यायचे नाहीत. मूठभर आणायचे, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि उगवलं तरच बाकीचं घ्यायचे. मीही तेच केलं. रविवारी आम्ही तिघं पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन-चार कोश पुढे ठेवले आणि मी मूठभर शब्द काढले. वावर सापडलं. बरं वाटलं. पोट्टी नाही. भेद्रं नाही. 'का'साठी आम्ही म्हणतो ते काऊन नाही. दुसरा कोश घेतला, तिसरा घेतला, तीच गत.

"अहो, यात आमचं काहीच कसं नाही?" मी जरा मोठ्यानंच म्हणाले.

दुकानदार काही वाईट नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "हे शब्द कुठले? आपलं गाव कोणतं?"

मी कौतुकानं ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता सांगतील, चावडीपुढे बोलले तसं. हे हसले आणि म्हणाले, "छे छे, आम्ही इकडचेच. आमच्या मोलकरणीचे शब्द आहेत ते. हिच्या तोंडात बसलेत."

मोलकरीण! घरची भांडी मी घासते, धुणं मी धुते, कुठली आली मोलकरीण? शालू माझं बोट धरून उभी होती, वर मान करून माझ्याकडेच बघत होती. ह्यांनी त्यातला सर्वांत जाड कोश उचलला, पैसे दिले आणि निघाले.

रस्त्यात मी विचारलं, "खोटं काऊन बोलले?"

"इथे काऊन-काऊन करू नकोस," हे म्हणाले. "लोक बघतायत."

मे महिन्यात उंद्रीला गेलो. शालूनं हट्टानं तो कोश बरोबर घेतला. अप्पांनी धोतराला हात पुसून तो मांडीवर घेतला. पानं उलटली, वजन पाहिलं, खूश झाले. दुपारी जेवायला बसलो. हे अप्पांच्या शेजारी. शालू भाकरी नुसतीच चिवडत होती.

अप्पा म्हणाले, "काऊन वं माय, जेवून काऊन नाही राह्यली? ठेचा झोंबला काय?"

शालूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे वळली. खोडसाळपणा नव्हता हो, पोरीनं खरंच विचारलं. "बाबा, आजोबा मोलकरणीसारखं का बोलतात?"

हे ठेच्याला भाकरी लावत राहिले.

"कोन मोलकरीन वं?" अप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं. दुकानातलं सगळं, ह्यांच्यासमोर, आमच्या बोलीत. माझी माय माझा पदर ओढत राहिली, मी थांबले नाही. हे पुटपुटले, "गंमत केली होती मी." जावई ना शेवटी, अप्पांनी ह्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पण त्यानंतर अप्पा शालूशी पुस्तकासारखं बोलू लागले. "पाणी हवे आहे का?" असं, एकेक शब्द डाळीतला खडा निवडावा तसा निवडून. मग बोलणंच कमी केलं. ज्या अंगणात ते जन्मभर मोठ्यानं बोलले, तिथे नातीसमोर जपून बसायचे. मला ते बघवेना.

निघायच्या दिवशी फाट्यावर आले. जुडी आणली होतीच, ती शालूच्या हातात दिली. म्हणाले, "कोथिंबीर आहे. आईला दे."

मग माझ्याकडे वळले, आपल्या पोटच्या पोरीकडे. "पोहोचल्यावर पत्र पाठवा."

मी ह्यांच्याशी संसार केला, पण हे माफ केलं नाही, करणारही नाही. उंद्रीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता घर कुठलं. पुण्यात खोल्या आहेत, उंद्रीत भावाचं दार उघडं आहे. माझं घर म्हणजे मला 'काऊन वं' म्हणणारा माझा बाप होता. त्या दिवशी फाट्यावर तो मला 'पाठवा' म्हणाला, आणि मी एस.टी.त चढले.