पेन्सिलीनं काढलेले गोल

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला पेन्सिलबाई म्हणत. काम प्लेट चालवण्याचं. प्लेट म्हणजे तळहाताएवढी काच, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. खालच्या कडेजवळ एक रेघ मारायची, रेघेवर केसासारख्या बारीक नळीनं औषधाचे ठिपके द्यायचे आणि प्लेट झाकणाच्या बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी थोडंसं द्रावण असतं. ते थरातून वर चढतं आणि ठिपक्यातल्या पदार्थांना ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे सोबत नेतं. कुणी दोन पावलांत बसकण मारतं, कुणी पार वर जातं. द्रावण तेच असेल तर एक पदार्थ दर वेळी त्याच उंचीवर थांबतो. रेघ पेनानं मारली तर शाईच वर चालू लागते आणि तिचेच रंग सुटे होऊन बसतात. म्हणून तिच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोवलेली असे.

घरीही ती तशीच येई. कॅलेंडरवर दुधाचे खाडे, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं पेन्सिलीनं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची सून शाईनं काही लिहीत नाही. उद्या शब्द फिरवायचा झाला तर खोडता आलं पाहिजे ना."

सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागे. सकाळी डबा भरता भरता आणि संध्याकाळी खांद्यावरची पर्स उतरायच्या आत हाक तिलाच येई, कारण मुलगा दमून आलेला असे. धरलेल्या हाताबद्दलही तक्रार असे. हात गार लागतो, आणि धरते अशी की जणू भांडं फुटेल. त्यात खोटं काही नव्हतं. दिवसभर काच कडेनं धरायची सवय तिच्या बोटांत मुरली होती.

मग शेजारच्या मावशींनी एक पुडीवाला शोधून काढला. निव्वळ मुळ्यापाल्याची पूड, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. महिन्याभरात सासूबाई भिंतीला न धरता न्हाणीघरात गेल्या. पुढे जिना उतरल्या. मग मावशींच्या घरी जाऊन बसू लागल्या आणि सुनेबद्दल जे पलंगावरून ओरडून सांगावं लागे ते तिथं बसून हळू आवाजात सांगू लागल्या. सुनेला याचं वाईट वाटलं नाही. कामावरून आल्यावर ती गॅलरीत खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून चहा प्यायला शिकली होती. चहा गरम असताना असा लागतो हे ती विसरूनच गेली होती.

सासूबाईंचा चेहरा भरू लागला. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. चेहरा आणखी भरला, गोल झाला, आणि दंड मात्र बारीकच राहिले. हातावर कुठं काही न लागता काळेनिळे डाग दिसू लागले. सून ते बघत होती. कारखान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या बनत. त्या तपासण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती, आणि ती गोळी फार काळ पोटात गेली की माणसाचं काय होतं हे तिला पाठ होतं. तरी काही दिवस ती गॅलरीत बसून चहा पीत राहिली.

शेवटी तिनं चिमूटभर पूड कागदात बांधून नेली. साहेबांना विचारलं. नमुना कुणाचा, ते म्हणाले. सासूबाईंचा, ती म्हणाली. त्यांनी बरणी तिच्याकडे सरकवली.

तिनं तीन ठिपके दिले. डावीकडे पुडीचा अर्क, उजवीकडे कारखान्यातलं शुद्ध स्टेरॉइड, आणि मधे दोन्ही एकावर एक. प्लेट चढली, सुकली. यूव्ही दिव्याच्या खोक्यात ती हिरवी चमकली. पुडीच्या रांगेत मुळ्यापाल्याचे पुसट डाग होते, आणि वर एक ठसठशीत काळा ठिपका. शुद्ध औषधाचा ठिपका त्याच्याच उंचीवर. मधल्या रांगेतही तिथं एकच, न फुटलेला. उंची जुळणं हा योगायोगही असतो, दुसऱ्या द्रावणात असे जोडीदार कधी कधी वेगळे होतात. तिनं द्रावण बदलून पुन्हा प्लेट लावली. बरणीसमोर बसून ते वेगळे व्हावेत अशी ती वाट बघत होती. इतक्या वर्षांत कुठल्याही ठिपक्याकडून तिनं काही मागितलं नव्हतं. ते वेगळे झाले नाहीत.

दिव्याखालीच तिनं ठिपक्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढले आणि प्लेट कागदात गुंडाळून घरी नेली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की पण आई चालतेय ना. सासूबाईंनी प्लेट मागून घेतली. साध्या उजेडात ती पांढरी कोरी होती. ठिपके यूव्हीशिवाय दिसत नाहीत. दिसत होते ते गोल. सासूबाईंनी प्लेट दिव्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे गोल कुणी काढले?"

"मी काढले, आई."

"पेन्सिलीनं."

"हो."

सासूबाईंनी प्लेट टीपॉयवर ठेवली आणि पुडी कोमट पाण्यात ढवळली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांकडे सासूबाईंना प्रयोगशाळेत आणायची परवानगी मागितली. बघून त्या ऐकतील का, साहेबांनी विचारलं. बघतील तरी, ती म्हणाली.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त मालाची. सासूबाई दोन्ही जिने कुणाचा हात न धरता चढल्या आणि वर पोचल्यावर त्यांनी सुनेकडे असं बघितलं की आता आणखी काय दाखवायचं राहिलंय. पांढरा कोट घातला, टोपीला नकार दिला. सुनेनं त्यांच्यादेखत त्यांच्याच हातातल्या पुडीतून नवी प्लेट केली. द्रावण चढत असताना त्यांनी झाकण उघडून बघायला हात पुढं केला. सून म्हणाली, "झाकण उघडायचं नाही." घरात या सुरात ती कधी बोलली नव्हती. सासूबाईंनी हात मागं घेतला आणि स्टुलावर बसून राहिल्या.

प्लेट सुकली तशी त्यांनी खोक्याच्या काचेला कपाळ टेकलं. या वेळी गोल काढलेले नव्हते.

"यातलं माझं कुठलं?"

"डावीकडचं."

"आणि तुमचं?"

"उजवीकडचं."

त्यांनी काचेवरून डावीकडून उजवीकडे बोट नेलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो मेला तुमच्याच गोळ्या कुटून देत होता."

"आमच्याच असं नाही. पण गोळ्याच."

"तरीच गुण आला," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, एकदम थांबवायचं नाही, शरीराला झेपणार नाही. मोजून गोळी द्यायची आणि ती हळूहळू कमी करत न्यायची. पुडी बंद झाली. मावशी पुडीवाल्याला जाब विचारायला गेल्या, तर त्याची खोली रिकामी. चेहरा सावकाश उतरला, हातावरचे डाग गेले. गुडघ्यांचं दुखणं परत आलं, आधी जिन्यावर, मग उंबऱ्यात, मग पलंगाशीच. मावशी येऊन म्हणाल्या, तब्येत किती उतरली हो. सासूबाई म्हणाल्या, सुनेनं उतरवली.

एका संध्याकाळी ती गॅलरीत चहा घेऊन बसली होती. पहिला घोट घेतला आणि आतून हाक आली. नवरा घरातच होता, पण हाक तिला होती. ती आत गेली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय खाली सोडून.

"मी चांगली चालत होते," त्या म्हणाल्या. "तू बसवलंस मला. आता तूच उठव."

तिनं त्यांच्या दंडाखाली हात घातला, या वेळी पूर्ण पंजानं. हात गारच होता. सासूबाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.