नीलांबरीकाकूंची चुकीची मतं

नीलांबरीकाकूंना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं माझं सव्वा वर्ष ठाम मत होतं, आणि ते मी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. काकूंपासून तर नाहीच नाही.

"जावईबापूंना विकून टाका आणि त्यांच्या बदल्यात दोन विकेटकीपर आणा," असं त्या दर शनिवारी दुपारी मॅच चालू असताना म्हणायच्या, आणि माझं डोकं फिरायचं. जावईबापू म्हणजे आमच्या टीमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. टीमने त्याला सात वर्षांच्या करारावर वाजतगाजत आणलं. तेव्हापासून त्याचे गुडघे दुखतात, तो रुसतो, त्याचे मानपान सगळे करतात आणि त्याला कुणी काही बोलू शकत नाही, म्हणून जावईबापू. त्याच्या करारात एक कलम आहे. त्याच्या परवानगीशिवाय त्याला दुसऱ्या टीमला देता येत नाही. हे मी काकूंना अकरा वेळा सांगितलं असेल. बाराव्या शनिवारी त्या पुन्हा म्हणाल्या, "विकून टाका."

खेळाडूंना अशी नावं ठेवायची पद्धत उल्हासकाकांची, म्हणजे काकूंच्या यजमानांची. काका पुण्याहून अमेरिकेत रेडमंडला आले त्याला आता पस्तीस वर्षं झाली. इथल्या पावसाळी संध्याकाळी रेडिओवर मॅच ऐकत ऐकत ते पक्के बेसबॉलवाले झाले. उंच पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आला की तो लंबू. सेकंड बेसवरचा बुटका, चपळ पोरगा टिल्लू. या टिल्लूवर दोघांचा भारी जीव. धाकट्या लीगमधून तो घासत घासत वर आला, ते सगळं काकांनी पाहिलेलं.

मी राजेश, त्यांच्या रांगेतल्याच तिसऱ्या घरात राहतो. मूळचा नागपूरचा, त्यामुळे डोकं लवकर तापतं. पोट भरतो आकडेमोडीवर, आणि ऑफिसच्या बसमध्ये जाता-येता बेसबॉलचे पॉडकास्ट ऐकतो. कुठला खेळाडू कुठे चालला, कुणाला किती वर्षांचा करार मिळाला, कुणी कुणाला गंडवलं, यावर मला न विचारता मत देता येतं. काका धडधाकट होते तेव्हा आम्ही दोघं कुंपणाशी उभं राहून तासन्तास भांडायचो. काकू तेव्हा कामावर असायच्या. बावीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात काम केलं. कुठल्या म्हाताऱ्याला कुठली गोळी चालत नाही, हे त्यांना कॉम्प्युटर न उघडता आठवायचं. अशा बाईला एक कलम आठवू नये, याची शंका मला यायला हवी होती. आली नाही. स्वतःला शहाणा समजणाऱ्या माणसाचं हे असंच होतं.

मग काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात कमजोर झाला, तो पुढे बराच सुधारला. वाचा मात्र गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. स्पीच थेरपिस्ट यायची. मोठी गोड मुलगी, पण ती कपाचं, मांजराचं, झाडाचं चित्र असलेली कार्डं दाखवायची आणि काका तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून काम केलेला माणूस तो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभी हयात गेलेली, त्याला मांजर दाखवून हे काय आहे विचारायचं! चार महिने काका एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून ते थोडं थोडं बोलायला लागले, तेव्हा मला वाटलं, औषध लागू पडलं असेल. दर शनिवारी मी मॅच बघायला जाऊ लागलो. काकू काहीतरी अचाट बोलायच्या, मी ताडकन दुरुस्त करायचो. एकदा तर मी त्यांना समजावं म्हणून रंगीत तक्ताच करून नेला. काकूंनी तो फ्रिजवर लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, बाई खूश झाल्या.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. काकू म्हणाल्या, "हा लंबू उजव्या हाताने टाकतो ना? उजव्या हाताचे बॉलर तर पैशाला पासरी. याला कशाला दिला चार वर्षांचा करार?"

काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांचा ओठ थरथरला. "डा..." ते म्हणाले. "डा..."

"काकू, डावखुरा आहे तो! लेफ्टी!" मी ओरडलो. "वर्षभर बघताय मॅच, एवढंसुद्धा दिसत नाही?"

काकांनी तोंड मिटून घेतलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "राजेश, दूध उतू जातंय का बघ जरा."

मी स्वयंपाकघरात गेलो. दूधच काय, गॅससुद्धा चालू नव्हता. ओट्यावर एक वही उघडी पडली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला माहीत आहे, पण पानावर लंबूचं नाव दिसलं आणि मी वाकलो.

काकूंचं औषधाच्या दुकानातलं बारीक, सुबक अक्षर. पानावर मधोमध रेघ. एका बाजूला खरं लिहिलेलं: लंबू डावखुरा, चार वर्षांचा करार, याआधी कुठे होता, बदल्यात कोण गेलं. सगळं बिनचूक, माझ्या पॉडकास्टपेक्षा जास्त तपशील. दुसऱ्या बाजूला शनिवारी बोलायचं चुकीचं वाक्य. त्याच्या खाली: 'उत्तर, डावखुरा. ड आणि ख, दोन्ही अवघड. वेळ द्यायचा.' अशी पानंच्या पानं. प्रत्येक चूक घासूनपुसून तयार केलेली, काकांना जो शब्द जड जातो तोच उत्तरात यावा अशी.

मागे काकू उभ्या होत्या. मी लाजून म्हटलं, "काकू, सॉरी."

"पहिल्या वेळी माझी खरंच चूक झाली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षी मार्चमधे, सीझनआधीची, स्प्रिंग ट्रेनिंगची मॅच चालू होती. मला काही कळायचं नाही तेव्हा. मी टिल्लूला कॅचर म्हटलं आणि हे म्हणाले, 'नाही.' चार महिन्यांनी पहिला शब्द रे! मी इथे येऊन रडले. मग ठरवलं, रोज चुकायचं. पण चुकायला आधी सगळं नीट माहीत असावं लागतं ना? पहाटे उठून वाचते मी."

"काकांना माहीत आहे?"

"वेडा आहेस का? कार्डांवर रुसले तसे रुसतील. मुद्दाम शिकवतेय म्हटलं की गप्पच बसतील परत." मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "तू हुशार आहेस, बाळा. पण उत्तर यांच्या आधी देत नको जाऊस."

एवढी शरम मला नोकरीतल्या कुठल्याही चुकीची वाटली नव्हती. किती शनिवार मी त्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला होता, कोण जाणे. त्यानंतर मी तोंडाला कुलूप घातलं. शेवटी काका 'डावखुरा' म्हणाले, पूर्ण म्हणाले. मी जूनमध्ये दर शनिवारी मनातल्या मनात ओरडायचो आणि वरून हातावर हात ठेवून बसायचो.

जुलैच्या सुरुवातीला कोल्हापूरला काकूंची धाकटी बहीण, इलामावशी, गेली. चार दिवसांचं आजारपण. मी काकांपाशी राहतो, तुम्ही जा, असं मी म्हटलं होतं. पण तिकीट बघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंत्यदर्शन फोनवर झालं. काकू फोन हातात धरून कोचावर ताठ बसल्या होत्या, डोळ्यांतून टिपूस नाही.

त्या दिवसापासून काकू गप्प झाल्या. स्वयंपाक करत, काकांच्या गोळ्या वेळेवर देत, मॅच लावून देत, पण मत देईनात. वही तीन आठवडे त्याच पानावर. आणि त्या बोलेनात म्हणून काकाही बोलेनात. थेरपिस्टने मला बाहेर गाठून विचारलं, घरात काही झालंय का? हातातोंडाशी आलेली वाचा परत जाते की काय, या भीतीने मला झोप लागेना.

एकतीस जुलैला ट्रेडची मुदत संपते. दुपारी तीनपर्यंत टीमनी काय ती अदलाबदल करून घ्यायची, नंतर बंद. खेळाडू सकाळी एका गावाचा असतो आणि दुपारी सामान बांधून दुसऱ्या गावाला निघतो. मी सुट्टी टाकून काकूंकडे जाऊन बसलो. काकू जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होत्या. मीही एक वाडगा ओढून घेतला. तीनला दहा मिनिटं असताना टीव्हीवर पट्टी आली. आमच्या टीमने टिल्लूला देऊन टाकलं होतं. बदल्यात दोन रिलीव्हर, म्हणजे मॅचच्या शेवटी येणारे पिचर, आणि एकोणीस वर्षांचं एक कच्चं पोर.

काकूंनी मान वर केली आणि परत खाली घातली. काकांसाठी आता आपणच काहीतरी करायला हवं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "बरं झालं! तो टिल्लू कॅचर म्हणून काही कामाचा नव्हता."

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मग ते काकूंकडे वळले.

"नीलू," ते म्हणाले. "चांगला... ट्रेड."

काकूंचा हात थांबला.

काकांनी दम घेतला. मानेची शीर ताठ झाली. "टिल्लू... म्हातारा."

"म्हातारा?" काकूंनी शेंग टेबलावर टाकली. "अहो, पंचवीस वर्षांचा आहे तो! अजून चार वर्षं आपल्याकडेच राहणार होता. लेफ्टी पिचरसमोर अख्ख्या टीममधे त्याच्याइतकं कोणी बेसवर पोचत नाही. आणि आणलं काय? दोन रिलीव्हर, त्यातल्या एकाच्या कोपराचं दोनदा ऑपरेशन झालंय! याला ट्रेड म्हणतात? आणि काही पद्धत आहे की नाही? सकाळी होता, दुपारी नाही. न सांगता न विचारता माणूस घेऊन जायचं? नीट निरोपसुद्धा घेऊ द्यायचा नाही? मी चार दिवस मागत होते, चारच दिवस..."

आणि त्या रडायला लागल्या. इलाचं नाव घेऊन, तीन आठवड्यांचं सगळं एकदम. काकांनी आपला तो कमजोर उजवा हात टेबलावरून सरकवत सरकवत त्यांच्या मनगटावर ठेवला. मला उठून जावंसं वाटलं आणि उठवेनाही.

बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे पुसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही मुद्दाम बोललात," त्या म्हणाल्या. "तुमचा टिल्लू म्हातारा?"

काकांनी मान डोलावली. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू.

"म्हणजे माझंही तुम्हाला कळलं होतं. कधीपासून?"

काकांनी शब्द शोधला, सापडेपर्यंत हात तसाच ठेवला. "स्प्रिंग," ते म्हणाले. "ट्रेनिंग. पहिलं."

दीड वर्ष. दीड वर्ष त्यांना सगळं माहीत होतं आणि तरीही त्या प्रत्येक खोट्या चुकीसाठी ते घाम गाळत होते, कारण ती चूक काकूंनी केलेली होती. मी खाली बघून शेंगा सोलायला लागलो.

काकूंनी ओढणीने तोंड पुसलं, नाक ओढलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग त्या जावईबापूंचं काय? विकून टाकू या का?"

उत्तर मला येत होतं. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ओठ घट्ट मिटले.

"नाही," काका म्हणाले, आणि पुढचं वाक्य जुळवायला लागले. काकू हनुवटीवर हात ठेवून ऐकत बसल्या. काकांचं ते कलम पूर्ण सांगून होईपर्यंत माझा वाडगा भरला होता.