मध्यम ताकदीचं काँक्रीट

पुण्याहून निघताना साहेबांनी एवढंच सांगितलं, "लातूर नवा जिल्हा झालाय, कचेऱ्यांना जागा नाही. तिथलं मुलींचं वसतिगृह तपासून ये. काँक्रीट चांगलं असेल तर वर मजला चढवतील." दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून मी लातुरात उतरलो. शेवटच्या टप्प्यात वाटेत हिरवं काही दिसलं असेल तर ती एका दुकानाची पाटी.

सकाळी वसतिगृहाच्या रेक्टर शारदाबाईंनी माझ्यापुढे सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) ठेवला. चुरमुरे अर्धे कोरडेच होते. टँकर दिवसाआड येत होता, त्यामुळे मी निमूटपणे चावत राहिलो.

माझ्याकडे एक हातोडा होता. खांबावर आपटल्यावर तो किती उसळतो, यावरून काँक्रीटचा अंदाज येतो. पण तपासणीला पाहुणा येणार म्हणून बाईंनी सगळ्या खांबांना नवा गिलावा करून वर चुना मारून घेतला होता. मी छिन्नीनं तो काढायला लागलो तेव्हा बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

"कशाला सजवायलात, बाई?" मागून आवाज आला. हे शिवलिंगआप्पा, धान्याचे व्यापारी. गावात वर्गणी गोळा करून हे वसतिगृह त्यांनीच उभं केलं होतं, सरकारी जागेवर.

"मजबूत दिसाया नको का, आप्पा?"

"मजबूत निघालं तर कचेरी येतीय अन् पोरी भाईर. कच्चं निघालं तर पाडतेत, तवाबी पोरी भाईरच. घरी गेलेली पोर परत येत न्हाई, बाई. लगीन लावतेत." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, मधलंच येऊ द्या."

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

"हातोडा तर तुमच्याच हातात हाय की."

हातोड्याचे आकडे चांगले आले, पण जुनं काँक्रीट वरून कडक होत जातं आणि हातोडा फसतो. म्हणून यंत्रानं भोक पाडून आतला दंडगोल तुकडा काढावा लागतो आणि तो दाबून फोडावा लागतो. त्या यंत्राला सतत पाणी लागतं. मुली एकेक करून आपापल्या वाट्याचा तांब्या घेऊन आल्या. वाहून गेलेलं पाणी घमेल्यात धरून, फडक्यानं गाळून आम्ही पुन्हा वापरलं. "साहेब, पास व्हईल न्हवं आपलं वसतिगृह?" एकीनं विचारलं. बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी घमेलं पुन्हा यंत्राखाली सरकवलं.

तीन तुकडे घेऊन आम्ही नांदेडला निघालो, तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आप्पा हट्टानं बरोबर आले. गोणपाटात गुंडाळलेले तुकडे त्यांनी मांडीवर घेतले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"वसतिगृह हाय," आप्पा म्हणाले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. अहमदपूरला चहा प्यायलो, तो फार गोड होता.

फोडण्याआधी तुकडे दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा नियम आहे. या दौऱ्यात मनसोक्त पाणी मिळालं ते फक्त त्यांनाच.

पहिला तुकडा हव्या त्या आकड्याच्या बराच पुढे जाऊन फुटला. दुसरा त्याहून पुढे. तिसऱ्याला काटा चढतच राहिला आणि आप्पांनी माझी बाही घट्ट धरली. "लोकं म्हनत होती, आप्पानं शिमिट खाल्लं! आता या म्हनावं बघाया!" त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते बाकावर बसले.

मी शेजारी बसलो. "आप्पा, नुसत्या खांबांवर मजला चढत नाही. पाया मी पाहिलेला नाही. किती खोल नेलात?"

हा प्रश्न मी शक्य तितक्या सावकाश विचारला. "आठवत नाही" एवढं जरी ते म्हणाले असते, तरी "पाया तपासल्याशिवाय मजला नको" असं मी लिहिलं असतं आणि निदान वार्षिक परीक्षा होईपर्यंत मुली तिथं राहिल्या असत्या. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी वाकून फुटलेला एक तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"काळ्या मातीत म्या पाया ठिवतो का, साहेब? खडक लागंस्तोर खंदलंय."

मला त्यांचा भयंकर राग आला.

"दुसऱ्या कशाबद्दलबी खोटं बोलंन," ते खाली बघत म्हणाले. "त्या बांधकामाबद्दल न्हाई जमत."

मला नांदेडच्या स्टेशनवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "पोरींसाठी दुसरं बांधू. ह्या खेपेला जरा मधलंच."

"तुम्हाला जमणार नाही, आप्पा."

"न्हाई जमायचं," ते म्हणाले आणि माझी पिशवी खिडकीतून आत दिली.

गाडी सुटल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. 'बांधकाम उत्कृष्ट. पाया खडकापर्यंत. वर मजला चढवण्यास योग्य.' खोटं लिहू नये, हे आम्हाला शिकवलं होतं. खरं लिहूनही इतकी लाज वाटू शकते, हे मात्र कुणीच शिकवलं नव्हतं.