पुढच्या सुट्टीत बघू

रशीद गेल्याचं त्याच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. "काका, अब्बा गेले," एवढंच. मी बारामतीतल्या माझ्या दवाखान्यात होतो, खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला. त्याला थांबायला सांगून मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ ते नळाखालीच धरून राहिलो… याला आता दीड महिना होईल.

आम्ही भिगवणच्या शाळेत एका बाकावरचे. मी दातांचा डॉक्टर झालो, तो त्याच्या डाळज गावाहून मस्कतला जाऊन पाण्याचा टँकर चालवायला लागला. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवसांची सुट्टी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हजर, कारण तिकडे दाढ दुखली तर खाडा करावा लागे आणि खाडा साहेबाला चालत नसे. मग हा एका बाजूनं चावत, दाढेत लवंग धरून महिनेच्या महिने काढायचा. "तिकडं आजारी पडायला सवड न्हाय, दिल्या. दुखणी गोळा करून हितं आणतो," म्हणायचा. त्याच्या खोलीत कुणी केरळचा, कुणी बांगलादेशचा, मराठी बोलायला एकही नाही. त्यामुळे माझ्यासमोर बसला की दोन वर्षांचं बोलणं बाहेर पडायचं. तोंडात कापूस असला तरी थांबायचा नाही. आईच्या मयतीला पोचता आलं नाही, हे त्यानं मला असंच, कापूस चावत सांगितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "तोंड उघडं ठेव."

दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मात्र तो माझ्याकडे उशिरा आला. घराचा स्लॅब, भाचीचं लग्न, शबानाचं ॲडमिशन, यातच दिवस संपलेले. जिभेच्या कडेला, तुटक्या दाढेला लागून, मला एक पांढरा चट्टा दिसला.

"याचा तुकडा काढून तपासायला पाठवू. आठवड्यात रिपोर्ट येईल."

"परवाचं तिकीट हाय."

"पुढं ढकल."

"वेळेत हजर न्हाय झालो तर व्हिसा जातो, दिल्या. पुढच्या सुट्टीत बघू की."

मी दाढेची धार घासून दिली. तिथल्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून दिली. ती त्यानं कुणालाच दाखवली नाही. तपासणीत काही निघालं तर कायमचं परत पाठवतील, ही भीती. त्याच्या बायकोला, नसीमभाभींना, मी एक फोन करू शकलो असतो. केला नाही. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, दुसरं काही कारण नव्हतं.

सव्वा वर्षानं तो सुट्टी नसताना परत आला. पुण्यात ऑपरेशन झालं, निम्म्याहून अधिक जीभ काढावी लागली. त्यानंतर रशीद बोलला नाही. भेटायला गेलो की मोबाइलवर लिहून दाखवायचा. एकदा न राहवून मी म्हणालो, "तेव्हा तुला जाऊ द्यायला नको होतं." त्यानं लिहिलं, "तू सांगितलं होतं. मीच गेलो." मी ते दोनदा वाचलं. बरं वाटलं नाही.

आठ महिने तो घरी होता. दर शुक्रवारी स्वयंपाक त्याचा. मस्कतला शुक्रवार सुट्टीचा, त्या दिवशी खोलीतल्या आठ जणांचं तोच रांधायचा, आणि तोच अंदाज हाताला बसलेला. इथं घरात माणसं तीन, त्यातल्या एकाला नळीनं पातळ द्यायचं. तरी पातेलंभर मटण शिजायचं, उरलेलं शेजारी जायचं. त्याला स्वतःला चव घेता येत नव्हती. शबाना पहिला घास घ्यायची, तो गॅसच्या ओट्यापासूनच बोटांची चिमूट करून विचारायचा, मीठ? तिनं मान हलवली की मग सगळ्यांना वाढायचा. शबाना मला एकदा म्हणाली, "काका, अब्बा सलग एवढे दिवस घरी पहिल्यांदाच राहिलेत." ती हे आनंदानं सांगत होती…

गेल्या शुक्रवारी डाळजला गेलो, तर नसीमभाभींनी तेच मोठं पातेलं चढवलेलं. "दोघींना एवढं कशाला, भाभी?" मी विचारलं.

"कमी टाकवत न्हाय, डॉक्टर."

ताटं वाढली. शबानानं पहिला घास घेतला. भाभी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, मीही.

"मीठ बरोबर हाय," ती गॅसच्या ओट्याकडे बघून म्हणाली. मग आम्ही जेवायला सुरुवात केली.