अर्धं अर्धं गाणं

बाबा अबोल. घरात आमचं बोलणं जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. पण बारावीच्या वर्षी ते दर रविवारी मला कळवणहून नाशिकला, गंगापूर रोडवरच्या क्लासला न्यायचे, आणि एसटीत आम्हा दोघांत एकच वॉकमन, तोही फक्त त्या प्रवासापुरता बाहेर निघायचा. इअरफोनची एक बाजू त्यांच्या कानात, एक माझ्या. जाताना त्यांच्या जुन्या सिनेमांची गाणी, येताना माझे नवे बँड, असा तह होता. त्या गाण्यांवरून आम्ही जे काय बोललो असू तेवढंच. आई म्हणायची, "बापलेकीला वायरीने बांधलंय म्हणून बरं."

एका बँडवर माझा भारी जीव होता. तो बाबांना आवडावा म्हणून मी हट्टालाच पेटले होते. ते इमानदारीने ऐकायचे आणि म्हणायचे, "पोरगा बरा गातो गं, पण एक ओळ म्हटली की थांबतो का? दम लागतो का त्याला?"

मला राग यायचा. माझ्या कानात तर तो पहिली ओळ सोडून दुसरीपासूनच सुरू व्हायचा. ही नवी स्टाइल आहे, तुम्हाला नाही कळायची, असं मी ठणकावून सांगायचे. शहाणपण नुसतं उतू जात होतं.

एका रविवारी त्यांचा कान ठणकत होता म्हणून आम्ही जागा बदलल्या, तशी वायरही उलटली. वणीजवळ बाबा एकदम ताठ बसले. "अगं, हा तर दुसराच कोणीतरी आहे!"

गाणारे दोघं होते. एकाचा आवाज डाव्या बाजूला, दुसऱ्याचा उजव्या. एक विचारायचा, दुसरा उत्तर द्यायचा. जुन्या गाण्यांत ही भानगड नव्हती, ती दोन्ही कानांत सारखीच. इतके महिने आम्ही अर्धं अर्धं गाणं ऐकून भांडत होतो. बाबा इतके हसले की पुढच्या सीटवरची कोथिंबीरवाली वळून बघायला लागली.

पुढच्या वर्षी ते मला पुण्याला हॉस्टेलवर सोडायला आले. पंखा चालतो का बघून झालं, पाणी कुठे भरायचं विचारून झालं. आता एसटी नाही, रविवार नाही, मग आमच्यात बोलायला उरणार काय, अशी मला भीती वाटत होती.

गेटपाशी त्यांनी खाकरून त्या बँडमधल्या पहिल्याची ओळ म्हटली. पुरती बेसूर. आणि थांबले.

आजूबाजूला मुली उभ्या होत्या. मी रडत रडत दुसऱ्याची ओळ म्हटली.