पवित्र गुरुवारचं रडू

पाय धुण्याच्या विधीला मी फोटोग्राफर बोलावला होता.

आता तुम्ही म्हणाल, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते नम्रता शिकवायला, तिथं कॅमेरा कशाला? हा प्रश्न मलाही पडला, पण उशिरा. ईस्टरच्या पुढच्या रविवारी नंदुरबारच्या आमच्या मंडळीची वार्षिक सभा होती आणि मला सेक्रेटरी व्हायचं होतं. तसं मी कुणाला म्हणालो नव्हतो. "प्रभूची इच्छा असेल तर" एवढंच म्हणायचो, दिवसातून चार वेळा, चार वेगळ्या लोकांना.

त्या वर्षी पास्टरांनी ठरवलं, पाय आपण एकट्यानं धुवायचे नाहीत. बारा जणांनी बारा जणांचे धुवायचे, आणि ज्यानं त्यानं आपला माणूस निवडायचा. कुणी शेजारी निवडला, कुणी व्याही. मी बाबांना निवडलं. माझे वडील नव्हेत; मंडळीतले एक म्हातारे मजूर, सगळे त्यांना बाबाच म्हणत. अख्ख्या मंडळीत फोटोत उठून दिसतील असे पाय त्यांचेच होते.

बाबा धडगावकडचे. दिवाळी झाली की बायकोला घेऊन डोंगरातून खाली उतरायचे आणि मिरचीच्या पथारीवर कामाला लागायचे. पथारी म्हणजे गावाबाहेर मिरची वाळत घालतात ते मैदान. दिवसभर त्या लाल रानातून अनवाणी फिरून मिरची खालीवर करायची. टाचांना अशा भेगा, की आठ आण्याचं नाणं उभं राहावं.

रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते सतरंज्या अंथरत, आणि सतरंजी जिथं संपते तिथं फरशीवर बसत. कुणी सरकून जागा केली की तळहात हलवून म्हणत, "मन्हं चालस, तुन्हं दख." माझं चालतं, तुझं बघ. मानानं बहुवचन लावायची त्यांना सवय नव्हती. पास्टर, पोलीस, देव, सगळ्यांना एकेरी. मला "सर, तू".

एकदा मीच आग्रह करून त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं असतं. माझी स्वतःची साक्ष पंचवीस मिनिटांच्या खाली कधी आली नाही, आणि तीत देव साधारण विसाव्या मिनिटाला येतो. बाबा उठले, म्हणाले, "देव चांगला शे. बसू का?" आणि बसलेसुद्धा.

तर गुरुवारची संध्याकाळ. घंघाळ, तांब्या आणि नवा पांढरा टॉवेल घेऊन मी गुडघ्यांवर बसलो. बाबांनी पाय पुढं केले, आणि मी बघतच राहिलो. पाय लख्ख! त्यांच्या बायकोनं दुपारभर दगडानं टाचा घासून, साबण लावून, वर खोबरेल चोपडलं होतं.

"तुन्हा हातमा घाण पाय कसा देऊ?" बाबा म्हणाले.

मी मनातून चिडलो. धूळच नाही तर फोटोत धुणार काय? म्हणून भेगांत बोटं घालून जरा जास्तच चोळले. फोटोग्राफर म्हणाला, "सर, इकडं." मी घाम पुसला, चष्मा सारखा केला.

साबणानं वरची मिरची जाते, भेगेतली जात नाही, हे नंदुरबारात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला आठवलं ते डोळ्यांत निखारे पडल्यावर.

गालांवरून धारा लागल्या, नाक वाहू लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर रडतायत!" एका आजींनी मोठ्यानं हुंदका दिला. पेटीवाल्यानं पश्चात्तापाचं गीत धरलं. सेक्रेटरीपदाचे माझे प्रतिस्पर्धी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांनीही रुमाल काढला. तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी वाकले. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतायत. ते सांगत होते, "सर, डोयाले हात लावू नको. मिरची शे."

फोटो नेमका तेव्हाचा आला, आणि फारच सुंदर आला. मंडळीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मी खाली लिहिलं, "सगळी देवाची कृपा." आपण एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही, याचा मला वर अभिमान वाटला.

सोमवारी मी पथारीवर गेलो. बाबांनी कुणाला सांगितलं तर नाही ना, ते चाचपायला. मला पाहताच ते लगबगीनं आले, माझा चष्मा स्वतःच्या हातानं वर सरकवला आणि डोळ्यांत वाकून पाहिलं. "बरा शे का डोया?" मग मान खाली घालून म्हणाले, "मन्ही चुकी, सर. गुरुवारना आधी दोन दिन पथारीवर जावाले नको व्हतं. माफ कर."

मी त्यांना गप्प राहा म्हणायला गेलो होतो. मीच गप्प परत आलो.

सभेत माझं नाव सुचवणाऱ्यानं त्या अश्रूंचा उल्लेख केला, तेव्हा मी उठलो आणि ती मिरची होती हे सांगून टाकलं. सगळीकडे हशा पिकला. हुंदका दिलेल्या आजींनी तर, आपलं रडणं फुकट गेलं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, बोलताना मनाच्या एका कोपऱ्यात आशा होती की या प्रांजळपणावर तरी चार मतं वाढतील. वाढली नाहीत. रेल्वेवाले सेक्रेटरी झाले, आणि काम चांगलं करतात.

बाबा त्या सभेला नव्हते. हंगाम आटोपून ते शुक्रवारीच डोंगरात परतले होते. पुढच्या दिवाळीनंतर आलेच नाहीत. गुडघे गेले, असा निरोप आला. सतरंज्या आता आम्ही पाळीपाळीनं अंथरतो. एकही सरळ पडत नाही.

मग एकदा एसटी, जीप आणि उरलेली वाट पायी, असा मीच त्यांच्याकडे गेलो. बाबा अंगणात बाजेवर बसले होते, गुडघ्याला कसला तरी पाला बांधलेला. बायको शेजारी मक्याची कणसं सोलत होती. मी दोघांना सगळं सांगितलं. सभेत कसा उठलो, लोक कसे हसले, हातचं पद कसं गेलं, माझा अहंकार कसा गळून पडला, मी किती लहान झालो. हातवारे करून सांगितलं. पुढ्यातला चहा गार झाला. बाबा "हां, हां" करत मन लावून ऐकत होते.

त्यांच्या बायकोनं सोलता सोलता मान वर केली.

"सर, तू लहान व्हयना ना? मंग इतलं मोठं करीसन कसाले सांगी ऱ्हायना?"