बोटीवर नेलेला पेन ड्राइव्ह

माझ्या मित्राच्या जावयाने पानशेत धरणाच्या फुगवट्यावर एक छोटी मोटरबोट ठेवली आहे, आणि तिच्यात चांगला स्टिरिओ बसवला आहे. त्या स्टिरिओवर गाणी कशातून वाजवायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं कोणालाही वाटेल. मला मात्र वारज्याच्या पुलावरून गाडी पानशेत रस्त्याकडे वळली, की अजूनही कानाच्या पाळ्या गरम होतात.

काम माझ्याकडे येणं साहजिक होतं. आमचा निवृत्तांचा कराओके ग्रुप आहे. शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये दर आठवड्याला जमतो. गाण्यातला मूळ गायकाचा आवाज काढून टाकलेला असतो, नुसती वाद्यं वाजतात, आणि त्या मोकळ्या जागेत आपण गायचं. त्या नुसत्या वाद्यांना आम्ही ट्रॅक म्हणतो. हा नाद पुण्यात इतका फोफावला आहे, की साठी उलटलेला माणूस गात नसेल तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. ग्रुपमधल्या वायरी, माइक, ट्रॅक हे सगळं खातं माझं. ते मी मागून घेतलेलं नाही, पण कोणी दुसऱ्याने हात लावलेलाही मला चालत नाही.

हा मित्र आणि मी एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर दोघं बरोबरच ग्रुपमध्ये आलो. मी बरा गातो. तो गायचा. एवढ्यात काय ते समजावं. कार्यक्रमात त्याला नेहमी शेवटी ठेवत, कारण त्याच्यानंतर माइक हातात घ्यायला कोणी धजत नसे. आमच्यात एक अलिखित नियम आहे, ज्याचं गाणं त्याचं. एखादं गाणं एखाद्याच्या गळ्यावर चढलं, की बाकीचे त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचं असं एक जुनं गाणं होतं. वरच्या पट्टीतलं, अंतऱ्यात आणखी वर चढणारं. मी ते घरी दारं लावून किती वेळा म्हणून पाहिलं असेल, हे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे.

मग त्याच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता तो गळ्याला समोरून पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतो, त्यावर एक पातळ पांढरं फडकं बांधलेलं असतं. बोलणं बंद. जे सांगायचं ते फोनवर लिहून दाखवतो, नाहीतर हातांनी. यंत्र लावून बोलता येईल असं डॉक्टर म्हणाले होते, पण तो आवाज त्याने एकदा ऐकला आणि मान हलवली. त्यानंतर त्याने घरात गाणं वाजू दिलं नाही. शेजारच्या बंगल्यात रेडिओ लागला तर उठून खिडकी लावायचा. ग्रुपकडे तर फिरकलाच नाही.

आणि अशात एक दिवस वहिनींचा फोन आला. "भावजी, जावई बोटीवर चला म्हणतायत म्हणून यांना विचारलं. यांनी लिहून दिलं, गाणी असतील तर येतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वतःहून गाण्यांचं नाव काढलं हो. तुम्ही काय ते नीट बघा. नाहीतर सरळ तुमच्याकडचा तो डबा घेऊन या, झालं."

डबा म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेलं ते खोकं, जे हल्ली प्रत्येकाला साठीला भेट मिळतं. पुण्यात काही घरांत असे तीन-तीन पडून आहेत, त्यातले दोन न उघडलेले. वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बटण दाबलं की गाणी, मूळ गायकांच्या आवाजातली. त्याला निवांत बसून ऐकायला त्याहून चांगलं काय असणार?

पण सरळ गोष्ट सरळ केली तर मी कसला? मी जावयाला फोन केला. तो खराडीला आयटीत आहे, माणूस मोकळा. म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे, ऑक्स पण आहे. एनीथिंग विल वर्क." काहीही चालेल, हे मला उत्तरच वाटत नाही. मी एकेक पर्याय घेऊन बसलो. डब्याची बॅटरी म्हातारी झालेली, शिवाय त्याला ऑक्सची वायर लावली की घरघर येते. फोन म्हणावा तर खडकवासला मागे पडल्यावर रेंज दगा देते, आणि मधेच सोसायटीच्या टाकीत पाणी नाही म्हणून कोणाचा तरी फोन सगळ्या धरणभर ऐकू जायचा. माझ्याकडे एक जुना, हाताच्या तळव्याएवढा प्लेअर आहे, पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही. राहिला पेन ड्राइव्ह. चार्जिंग नको, रेंज नको, खाचेत बसवला की जागचा हलत नाही, पाण्यात पडला तरी जीव हळहळायला नको. मी पेन ड्राइव्ह ठरवला आणि तसं ग्रुपवर सविस्तर लिहिलंही. चार जणांनी वर केलेले अंगठे पाठवले.

ही सगळी कारणं खरी होती. म्हणून तर जास्त लाज वाटते. खोटं कारण दिलं असतं तर निदान स्वतःजवळ तरी पकडला गेलो असतो.

खरी मेख पुढे होती. पेन ड्राइव्हमध्ये भरायचं काय? संगणकावर दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. एकात पूर्ण गाणी, दुसऱ्यात नुसते ट्रॅक. मी ट्रॅक भरले. बोटीवर सगळेच गातील, मजा येईल, असं मनाशी म्हणालो. आमच्याबरोबर येणारी दोन जोडपी टाळ्या वाजवण्यापलीकडे कधी गेलेली नाहीत. म्हणजे सगळेच म्हणजे कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं होणार होतं, की तो समोर असूनही माझं गाणं झाल्यावर त्याचं होणार नव्हतं. हे मी शब्दांत मनात आणलं नाही. पण माणूस शब्दांशिवायही पुष्कळ ठरवतो.

आणखी एक सांगून टाकतो. त्याची ग्रुपमधली गाणी मी वेळोवेळी माझ्या फोनवर रेकॉर्ड केलेली आहेत. फोनचा पर्याय मी इतक्या तावातावाने का खोडून काढला, हे त्यावरून कळावं.

निघायच्या सकाळी मी पिशवीत माइक टाकताना बायकोने पाहिलं. पोटातच स्पीकर असलेला, हातात धरून गायचा माइक.

"हा कशाला? पेन ड्राइव्ह आपोआप वाजतो ना?"

"असू दे बरोबर."

"असू दे," ती म्हणाली. आमच्याकडे एवढं पुरतं.

मित्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बारीक झाला होता, पण चेहऱ्यावर काहीतरी उत्सुक होतं. बोटीत चढल्यावर त्याने आपणहून स्पीकरजवळची जागा घेतली आणि डोळे मिटून बसला. पाण्याचा शिंतोडा गळ्याकडे जाऊ नये म्हणून वहिनी हातात टॉवेल घेऊन त्याच्या बाजूला. जावयाने बोट मधोमध नेली, इंजिन बंद केलं. भोवती डोंगर, पाणी संथ. मी पेन ड्राइव्ह लावला.

सुरुवातीची व्हायोलिनं वाजली आणि त्याच्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. वहिनींनी माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावली. मग मुखड्याची जागा आली आणि तिथे कोणी गायलंच नाही. तबला चालू, गिटार चालू, आणि मधे काहीच नाही. त्याची बोटं थांबली. त्याने डोळे उघडले.

जावई बिचारा बटणं फिरवायला लागला. "काका, व्होकल येत नाहीये. स्पीकरचं कनेक्शन उलटं झालंय का?"

"नाही नाही, ट्रॅक आहेत ते," मी म्हणालो.

"मग गा की तुम्हीच," मागून कोणीतरी म्हणालं. मी जरा आढेवेढे घेतले. ते घेत असतानाच माझा हात पिशवीत गेला होता. बायको पाण्याकडे बघत होती.

मी गायलो. खोटं कशाला बोलू, चांगला गायलो. उघड्यावर, पाण्यावर आवाज छान लागतो. मित्राने माझ्याकडे पाहून दोन बोटं खाली वळवून दाखवली आणि किंचित हसला. माझा आवाज त्याच्याइतका वर जात नाही, म्हणून मी माझे ट्रॅक दोन सूर खाली उतरवून घेतो. ते त्याने पहिल्या ओळीत ओळखलं होतं. लोक हसले, मीही हसलो. मग दुसरं झालं, तिसरं झालं. टाळ्या पडत होत्या. मला कोणी थांबवत नव्हतं, आणि आपण होऊन थांबायची अक्कल मला नव्हती.

पुढचा ट्रॅक त्याच्या गाण्याचा होता. चुकून आला असं मी नंतर बायकोला सांगितलं. चुकून कसा येईल? दोन सूर उतरवून मीच भरला होता. तिथे मी पुढे ढकलायचं बटण दाबू शकलो असतो. मी माइक तोंडापाशी नेला.

मुखडा होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. अंतऱ्यापाशी पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. नुसते पुटपुटल्यासारखे नाहीत, पूर्ण उघडत होते, गाताना उघडतात तसे. गळ्यावरचं फडकं ओळीबरोबर फुगत होतं, आणि ओळ संपली की आत ओढलं जात होतं. श्वास तो नेमका जिथे घ्यायचा तिथेच घेत होता. मी जिथे अडखळलो तिथे फडकं अडखळलं नाही, पुढे गेलं. त्याच्यातून फक्त हवेचा बारीक आवाज येत होता, आणि त्यावर माझा आवाज, स्पीकरमधून, मोठा.

तेव्हा तरी मी थांबावं की नाही? मी नजर पाण्याकडे वळवली आणि गाणं पुरं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी सोडून. त्या टॉवेलने त्याचं तोंड पुसत होत्या, आणि तिथे पाणी उडालेलं नव्हतं.

किनाऱ्याला उतरताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, डबा आणला असतात तर बरं झालं असतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "एकदा त्यांना ऐकू द्यायचं होतं." मी ट्रॅफिकवर काहीतरी बोललो.

पुढचे काही दिवस मी ग्रुपला गेलो नाही. घसा बसलाय असं कळवलं, आणि ते लिहिल्यावर काय लिहिलं ते लक्षात येऊन संदेश पुसून टाकला. वारज्याला त्याच्या घरी जाऊन माफी मागावी असं रोज सकाळी ठरवायचो आणि संध्याकाळपर्यंत टाळायचो. त्याने माझं नाव टाकलं असेल, आणि गाण्याचंही, ही भीती होती. त्यातली गाण्याची जास्त होती.

मग वहिनींचाच फोन आला. त्याला तो पेन ड्राइव्ह हवा होता. डबा नको, पूर्ण गाणी नकोत, तेच ट्रॅक. "मात्र पट्टी चढवून द्या म्हणतायत," त्या म्हणाल्या. "त्यांनी लिहिलंय ते वाचून दाखवते. तुझ्या पट्टीत मला फार खाली पडतं."

मी त्याच दिवशी संगणकापुढे बसून एकेक ट्रॅक दोन सूर वर नेला, आणि दुसऱ्या दिवशी वारज्याला गेलो. माफीची दोन-तीन वाक्यं स्कूटरवर पाठ केली होती. दार त्यानेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने पेन ड्राइव्ह माझ्या हातातून घेतला, टीव्हीच्या मागे लावला, आणि मला खुर्ची दाखवली. व्हायोलिनं सुरू झाली. त्याचं गाणं, त्याच्या पट्टीत. मुखड्याची जागा जवळ आली आणि माझा गळा आपोआप तयार झाला, सवयच ती. त्याने तळहात वर करून मला थांबवलं. मग गाऊ लागला.

मी समोर बसून ते पूर्ण गाणं पाहिलं. ओठ, भुवया, ताल धरणारा हात, आणि ते फडकं. खोलीत त्याचा आवाज नव्हता, पण तो कुठे आहे हे मला पावलापावलाला कळत होतं. कुठली हरकत, कुठली मुरकी तो कुठे घेतो हे दहा वर्षं मी मत्सराने ऐकलेलं, त्यामुळे पाठ होतं. अंतरा चढला, तो चढला, त्या सुरावर थांबला, आणि सावकाश उतरला.

संपल्यावर त्याने फोनवर लिहून माझ्यासमोर धरलं. कसं झालं?

पाठ केलेली माफी माझ्या जिभेवर होती. पण त्याने ती विचारली नव्हती. त्याने गाण्याचं विचारलं होतं, आणि माझ्याकडे द्यायला उत्तर एकच होतं. "दुसऱ्या अंतऱ्याला थोडी घाई केलीस," मी म्हणालो. ते खरं होतं, फडक्यावरून दिसलं होतं. बाकीचं, वरच्या सुरावर तो ज्या निवांतपणे थांबला त्याचं, मला बोलवेना. कारण लाज वाटण्याचीही लाज वाटावी अशी गोष्ट त्या वेळी माझ्या मनात आली होती. आवाज गेलेल्या त्या माणसाचा मला पुन्हा हेवा वाटला होता.

त्याने थोडा विचार केला, मान डोलावली, आणि ट्रॅक पहिल्यापासून लावला.